पाच माणसांची नाव, चौघांची बैठक: हवेच्या नावेत कुटुंब बसवण्याच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, भुसावळ

नाव गच्चीवर फुगवली आणि आधी नुसता टेप फिरवला. बाहेरची लांबी ३२० सेंमी, रुंदी १५२, ट्यूबचा व्यास ४२. दोन्ही बाजूंच्या ट्यूब वजा केल्या की आत उरतात ६८. मोटर अडकवायचा ट्रान्सम ते पुढचं टोक, आतून २२०. उत्पादकाच्या फलकावर लिहिलंय: ५ माणसं, एकूण भार ५२० किलो.

वजनाची अडचण नाहीच. मी ७८, सौ. ५८, आई ६४, मुलगा (वय ११) ३४, मुलगी (वय ६) १९. बेरीज २५३. मोटर १०, लिथियम बॅटरी १२, नांगर, पाणी, डबे वगैरे २०. सगळं मिळून तीनशेच्या आत. असे फलक माणशी ७५ किलो धरून बनतात, त्या मानाने आम्ही हलकेच. पण तो हिशेब नावेने भार पेलण्याचा. गुडघे कुठे ठेवायचे हे त्यात कुठेच येत नाही.

नावेसोबत दोन फळ्या आल्यात, प्रत्येकी २० सेंमी रुंद. ट्यूबला चिकटवलेल्या खाचांत त्या बसतात. तळापासून उंची ३२ सेंमी. मागची फळी ट्रान्समपासून ५२ सेंमीवर, पुढची तिच्यापुढे ६० सेंमीवर.

आईचा पहिला प्रश्न जिन्यातूनच आला, "नावमा खुर्ची शे का?"

१४ जानेवारी

संक्रांतीची सुटी. तीळगूळ झाल्यावर सगळ्यांना गच्चीवर बोलावून नावेत बसवलं, आणि तेही लाइफ जॅकेट घालून. हे महत्त्वाचं, कारण बसायची मापं कपड्यांवर घेतली तर ती पाण्यावर खोटी ठरतात. माझे खांदे एरवी ४५ सेंमी, जॅकेट घातल्यावर दोन्ही कोपरं ट्यूबला टेकतात. मुलांची जॅकेटं १०० न्यूटन तरंगबळाची, मानेमागे कॉलर आणि मांड्यांमधून पट्टा असलेली. त्या कॉलरमुळे पाठीमागे काही उंच असलं तर मान पुढे ढकलली जाते. म्हणजे मुलांच्या आसनाची पाठ उंच करायची नाही, कमरेपुरतीच ठेवायची. बसवून पाहिलं नसतं तर मी नक्की उंच पाठीची खुर्ची आणली असती.

आणखी काय दिसलं:

६८ सेंमीच्या फळीवर दोन मोठी माणसं मावत नाहीत. एक मोठं आणि एक लहान, कसंबसं.

मुलगी ३२ सेंमीच्या फळीवर बसली की पाय लोंबतात. टेकायला काही नाही, धरायला काही नाही, आणि तिचं निम्म्याहून जास्त अंग ट्यूबच्या वर येतं. नाव जरा हलली की ती सरळ बाहेरच्या बाजूला झुकणार. तळावर बसवली तर ट्यूब तिच्या छातीपर्यंत येते, एकदम सुरक्षित, पण मग तिला फक्त आकाश दिसतं आणि दर मिनिटाला ती उभी राहते. मूल उभं राहू नये असं वाटत असेल तर त्याला बसल्या जागी बाहेरचं दिसलं पाहिजे. १२ ते १५ सेंमी उंची तिला बरोबर. घरातला जेवणाचा पाट खाली ठेवून, त्यावर उशी टाकून ठरवली.

आईचं उलट. तिला खाली बसलं की उठता येत नाही, दोन्ही गुडघे दुखरे. तिला ३७-३८ सेंमी उंची हवी. म्हणजे तिला फळी, वर गादी, आणि हाताला धरायला काहीतरी.

उंचीचा नियम मात्र कुणासाठी बदलत नाही: वजन जितकं वर, तितकी नाव डुलणार. म्हणून जो उंच बसेल तो मधोमध बसेल. आई मध्ये.

२५ जानेवारी, चांगदेव

आहे त्या फळ्यांवर पाण्यात एक फेरी, फक्त मी आणि मुलगा. जागा हतनूर धरणाच्या फुगवट्याची, चांगदेवपाशी, जिथे पूर्णा तापीला मिळते. पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयातून आधी परवानगी घेतली होती. धरणाची भिंत आणि तिचे ४१ दरवाजे इथून पार खाली, त्या बाजूला जायचंच नाही. मच्छीमार सोसायटीच्या लोकांनाही विचारून घेतलं की जाळी कुठे लावलीत. ते न विचारता जाणारे लोक मला आवडत नाहीत. तरंगते डबे दिसतात, त्यांच्यामधली दोरी दिसत नाही, आणि मोटरच्या पंख्यात ती अडकली तर नुकसान त्यांचं.

थंडीत इथे बाहेरून आलेली बदकं असतात. चक्रवाक, तलवार बदक, शिवाय वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे. ती लांबूनच पाहायची. जवळ गेलं तर सगळा थवा उठतो आणि त्यांचा सकाळचा चारा बुडतो. आपल्या कामाचा मुद्दा असा की पोरं पक्षी बघायला आलीत, म्हणून त्यांची तोंडं पुढे हवीत. मुलगा पुढच्या फळीवर पुढे तोंड करून बसला आणि पाय लांब करायला जागा राहिली. माझे गुडघे मात्र त्याच्या पाठीत. दोन फळ्यांमधलं ६० सेंमी अंतर कमी पडतं.

पाण्यात उतरल्यावर थोड्या वेळाने फळ्या करकरायला लागल्या. काठावर घट्ट होत्या. ट्यूबची हवा पाण्याच्या गारव्याने आकसते, दाब उतरतो, आणि खाचांची पकड सैल होते. काठावर थोडी हवा कमी ठेवून फळ्या बसवायच्या, मग पूर्ण दाब द्यायचा, पाण्यात पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारायचा. पायपंप नावेतच ठेवणार.

२ फेब्रुवारी

पर्यायांवर घरात चर्चा. चर्चा म्हणजे प्रत्येकाचं आपापलं घोडं पुढे.

घडीच्या कॅम्पिंग खुर्च्या (सौ.ची सूचना): पाठ छान, पण चार पाय चार टोकांवर सगळं वजन टाकतात. आमचा तळ जास्त दाबाच्या हवेचा आहे, आत हजारो धाग्यांनी वरखाली बांधलेला. सपाट भाराला तो दगडासारखा कडक, टोकदार भाराला नाही. शिवाय खुर्ची कशालाच बांधलेली नाही. कलली की माणसासकट कलते. बाद.

ट्रकची ट्यूब (मुलाची सूचना, तापीवरचे पोहणारे वापरतात म्हणून): ६८ सेंमीत बसत नाही. बाद, पण त्याने ती गच्चीवर स्वतःसाठी ठेवून घेतली.

हवेचं लोडासारखं गोल आसन, जे अशा नावांसोबत वेगळं विकत मिळतं: हलकं, पडलं तरी लागत नाही, घडी करून पिशवीत जातं. एक मागवलं. व्यास ३५ सेंमी, म्हणजे फळीपेक्षाही उंच. अर्धी हवा सोडली तर खाली बसतं पण लोळायला लागतं. मोठ्या एकट्या माणसाला ठीक. मुलांसाठी नाही.

मुलांना ओढणीने आसनाला बांधायची (आईची सूचना): यावर मी जरा आवाज चढवून बोललो. नावेत कुणालाही, कशालाही बांधायचं नाही. नाव उलटली तर जॅकेट माणसाला वर आणतं, बांधलेली ओढणी खाली धरून ठेवते. आसन नावेला बांधायचं, माणूस नाही.

पुढच्या ट्यूबवर पाय बाहेर सोडून बसणं: मोटर चालू असताना बंदी, कायमची. पुढून पडलेलं मूल नावेखालून मागे पंख्याकडेच येतं.

९ फेब्रुवारी, जळगाव

फोम शोधायला एमआयडीसी परिसरात. मला पाट हवा होता, पण लाकडाचा नको. दुकानदार आधी सोफ्याचा फोम दाखवतात. तो पाणी पितो. एकदा ओला झाला की दोन दिवस वाळत नाही आणि वासही येतो. हवा तो बंद पेशींचा, ईव्हीए किंवा पॉलिथिलीनचा, जो यंत्रांच्या पॅकिंगला वापरतात. नख दाबलं की खूण राहते पण पाणी आत शिरत नाही. आणि तो तरंगतो, म्हणजे आसन पडलं तर सापडतं.

५ सेंमी जाडीचे तीन थर, एकावर एक, १५ सेंमी. मुलं बसली की दबून १३-१४. लांबी ६२, खोली ३२. पुढे निमुळतं होतं म्हणून पुढचे दोन कोपरे तिरपे कापले.

जळगाव चटईचं गाव, तेव्हा तळासाठी एक प्लॅस्टिकची चटईही घेतली. ओल्या पीव्हीसीवर अनवाणी पाय सटकतो, चटईवर नाही. शिवाय वाळू तिच्या विणीत अडकते आणि तळाच्या कडेला जाऊन घासत नाही. नावेच्या मापाला कापून कडा मेणबत्तीवर वितळवून घेतल्या, नाहीतर पट्ट्या सुटतात.

१५ फेब्रुवारी

फळ्या बदलायच्या. २० सेंमी रुंदीवर आई बसणार नाही, २८ हवी. सुतार म्हणाला सागवान लावू. सातपुड्याचं सागवान पाण्याला टिकतं यात वाद नाही, पण तेवढ्या रुंदीची एकसंध फळी महाग आणि वजनदार. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लाय घेतला, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. आयएस ३०३ चा प्लाय स्वस्त मिळतो; तो घरातल्या कपाटाला ठीक.

जाडी १२ की १८ मिमी? दोन बाजूंना विटा रचून ७० सेंमी अंतरावर दोन्ही तुकडे ठेवले आणि वर ज्वारीची ५० किलोची गोणी, तिच्यावर मुलगा. १२ मिमी डोळ्यांना दिसेल एवढा वाकला, जवळपास दोन सेंमी. १८ मिमीचा वाक एका सेंमीच्याही आत. वाकणारी फळी मोडत नाही, पण तिची टोकं खाचांत फिरतात आणि ट्यूबवरचा चिकटलेला जोड सोलतात. चिकट जोड घसरणीच्या ताणाला भक्कम असतो, सोलण्याला कच्चा. म्हणून १८.

कडा १० मिमी गोल केल्या. कापलेल्या कडेतूनच प्लाय पाणी ओढतो, तिथे इपॉक्सीचे दोन हात, वर पीयूचं (पॉलियुरेथेन) वार्निश.

१६ फेब्रुवारी

पुढची फळी १० सेंमी पुढे सरकवली. त्याहून पुढे नेता येत नाही, कारण वल्ही मारायची तर त्याच फळीवर मागे तोंड करून बसावं लागतं आणि वल्ह्यांच्या कड्या जागेवरून हलत नाहीत. दहा सेंमीने हात जरा लांब होतो, चालतं. वीस केलं असतं तर नुसतं पाणी चापटावं लागलं असतं.

नव्या खाचा चिकटवण्याचं काम. नाव फुगवलेली असताना पेन्सिलने जागा आखली, मग हवा सोडून सपाट पृष्ठावर चिकटवलं. दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद, हार्डनर सुमारे ५ टक्के. आधी एमईके या सॉल्व्हंटने पुसणं, हलका पॉलिश पेपर, पुन्हा पुसणं. दोन्ही अंगांना पातळ हात, तो वाळू द्यायचा, मग दुसरा हात, तो चिकटसर झाल्यावर जोडायचं आणि रूळ फिरवून हवा काढायची. तोंडाला फडकं पुरत नाही, वाफ डोक्यात जाते. उघड्यावरच करावं.

खान्देशात हे काम थंडीत उरकावं हे माझं ठाम मत. फेब्रुवारीत सकाळी दहा-अकराला हवा कोरडी आणि ऊब बेताची. मे महिन्यात पहिला हात ब्रशवरच वाळतो. पावसाळ्यात दमट हवेने जोड पांढरा पडून सुटतो.

तळाच्या कडेला, ट्यूबच्या खालच्या अंगाला, दोन लोखंडी कड्यांचे ठिगळही लावले. फोमचा पाट त्यांना पट्ट्याने बांधला जाईल. तीन दिवस नावेला हात लावायचा नाही.

२२ फेब्रुवारी

स्टेशनजवळ रिक्षाच्या सीट शिवणारे चाचा आहेत, त्यांच्याकडे दुपार गेली. नावेची सीट म्हटल्यावर त्यांनी मशीन थांबवून पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, काळं रेक्झिन लावलं तर माताजी बसल्या बसल्या उठतील." बरोबर आहे. भुसावळच्या उन्हात उभ्या स्कूटरवर बसणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. फिकट राखी रंगाचं तंबूचं कापड ठरलं, उलट्या बाजूला लेप असलेलं.

खरी कल्पना त्यांचीच. पुढच्या फळीवरची गादी नुसती वर न ठेवता घोड्याच्या खोगिरासारखी टाकायची, पुढे खाली लोंबणारी, आत ३ सेंमी फोमसह. वर आई बसेल, आणि तोच लोंबणारा भाग खालच्या पाटावर बसलेल्या मुलांना पाठ. पाटाची वरची बाजू १४ वर, फळी ३२ वर. मुलांच्या कमरेला फळीची धार लागायची तिथे आता मऊ गादी. जॅकेटची कॉलर तिच्यावर मोकळी राहते.

शिलाईला नायलॉनचा दोरा. सुती दोरा पाण्यात कुजतो हे त्यांना मी सांगायच्या आधी ठाऊक होतं, पावसात रिक्षा कुणाच्या भिजतात?

२ मार्च, चांगदेव

महाशिवरात्रीची चांगदेव-मुक्ताईची यात्रा होऊन गेली, घाटावरची गर्दी ओसरली. पहाटे निघालो. नवी मांडणी पाण्यावर.

मागच्या फळीवर मी, जरा तिरपा, एक हात मोटरच्या दांड्यावर. पुढच्या, म्हणजे आता मधल्या, फळीवर आई, तोंड माझ्याकडे. तिच्या पाठीला पाठ लावून, खाली पाटावर, पुढे तोंड करून दोन्ही मुलं. बॅटरी मधल्या फळीखाली, झाकण असलेल्या पेटीत, पट्ट्याने बांधलेली. मागे माझं वजन, मध्ये आई आणि बॅटरी, पुढे मुलांचे त्रेपन्न किलो. नाव पाण्यावर सपाट बसली, नाक वर उचलत नाही.

आईला उलटं बसवायचं कारण गुडघेच. ती पुढे तोंड करून बसली तर तिचे पाय मुलांच्या जागेत येतात. मागे तोंड केलं की दोन फळ्यांमधल्या ७० सेंमीत तिचे पाय सरळ आणि माझे तिरपे, एकमेकांना न लागता मावतात. तिला विचारलं, मागे जाणारं दिसतंय, चालेल का. म्हणाली, एसटीत आयुष्यभर मिळेल त्या सीटवर बसले.

चढायची पद्धत ठरली. नाव काठाला लावायची, मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ती धरायची. आई आधी ट्यूबवर बसते, मग दोन्ही पाय आत वळवते, मग सरकत फळीवर. उभं राहायचं नाही, कुठल्याच टप्प्यावर. ट्यूब बसायला पावसाळी बांधासारखी निसरडी नको म्हणून तिथे चटईचा उरलेला तुकडा टाकला.

दोन उणिवा. आईच्या हाताला धरायला काही नाही, ती ट्यूबच्या वरच्या दोरीला वाकून धरते. आणि तिच्या पाठीला आधार नाही. अर्ध्या तासात ती मुलांच्या डोक्यांवर रेलते.

सौ. काठावर थांबली होती. पाचवी जागा नाही. मागच्या फळीवर माझ्याशेजारी मुलगा बसवून, सौ. आणि मुलगी पाटावर, असं काठाशीच करून पाहिलं. मावतात. पण मग मोटरचा दांडा फिरवताना माझं कोपर मुलाच्या जॅकेटला अडतं, आणि सौ.चे गुडघे हनुवटीला. फलक पाच म्हणतो ते नाव बुडणार नाही या अर्थाने. आम्ही चार ठरवले. एक मोठं माणूस काठावर, आळीपाळीने. काठावर कुणीतरी फोन घेऊन असणं एरवीही बरं.

९ मार्च

आईच्या पाठीसाठी: भंगारातून गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा, ४८ मिमी रुंद. एकाखाली एक तीन पट्टे शिवून साधारण १४ सेंमी रुंदीची पट्टी केली, दोन्ही ट्यूबवरच्या कड्यांना बकलने. ही पाठीमागून आडवी जाते, माणसाला गुंडाळत नाही. मागे रेललं की ताणते, पुढे वाकलं की मोकळी. बकल एका झटक्यात सुटतं की नाही ते ओल्या हाताने तपासलं.

हाताला: फळीच्या दोन्ही टोकांजवळ जाड दोरीच्या मुठी, प्लायमध्ये भोक पाडून खालून गाठ. भोकाच्या आत पुन्हा इपॉक्सी.

बॅटरी संपली किंवा मोटर अडली तर? वल्ह्यांची जागा आईची आहे, आणि भर पाण्यात जागा बदलणं हेच सगळ्यात धोक्याचं. म्हणून लांब वल्ही फक्त मी एकटा असेन तेव्हा. कुटुंब असताना दोन आखूड हातवल्ही, एक माझ्याकडे, एक मुलाकडे, बसल्या जागेवरून. त्यांनी जेवढं परत येता येईल तेवढंच काठापासून जायचं. मुलाला हे काम मिळाल्यापासून तो शिस्तीत बसतो.

६ एप्रिल

ऊन तापलं. आता बैठकीपेक्षा हवेची चिंता. सकाळी २५ अंशांना ट्यूबमध्ये ०.२५ बार दाब भरला आणि नाव काठावर उन्हात राहिली, ट्यूबची हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर दाब ०.४० च्या आसपास जातो. गणित शाळेतलंच आहे, फक्त वातावरणाचा दाब मिळवून तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं. एवढ्या ताणाने आधी जातात ते जोड, आणि फळीच्या खाचा त्यात पहिल्या. उलटही होतं: ४० अंशांच्या काठावर भरलेली नाव २६ अंशांच्या पाण्यात टाकली की ०.२५ चे ०.१९ होतात आणि फळ्या खुळखुळतात.

नियम: नाव पाण्याबाहेर आली की दोन मिनिटांत प्रत्येक कप्प्याची थोडी हवा सोडायची, मग चहा. गाद्या काढून सावलीत. सकाळी साडेनऊच्या पुढे पाण्यावर थांबायचं नाही. नंतर पश्चिमेचा वारा सुटतो, रुंद पाण्यावर लाटा उठतात आणि खाली पाटावरच्या मुलांच्या तोंडावर पाणी येतं. ते त्यांना आवडतं, हा वेगळा त्रास.

२७ एप्रिल

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण येतेय, तिची दोन पोरं धरून घरात चार मुलं. तिचा धाकटा चार वर्षांचा. त्याला पाटावर एकट्याने बसवायचं नाही. त्याच्यासोबत त्याची आई खाली, दुसरं कुणी पुढे नाही. त्या फेरीत तिघेच.

तिच्या मोठीचं वजन ४१, माप घेतलं तर तिला पाट खुजा पडतो. वर ५ सेंमीचा सुटा थर ठेवायचा, त्याच कापडात, वेलक्रोने. चाचांकडे कापड उरलं आहे. पाणी बरंच मागे सरलंय, काठाला चिखलाचा पट्टा पडलाय, तेव्हा आईला या वेळी नावेपर्यंत नेण्यासाठी फळ्यांची वाट टाकावी लागेल. जुन्या २० सेंमीच्या फळ्या त्यासाठी काढून ठेवल्या. हवेचं गोल आसन एका मित्राला दिलं, तो एकटाच गळ टाकायला जातो.

पाऊस सुरू होऊन दरवाजे उघडले की तापीवर नाव घालायची नाही. तेव्हा गाद्या धुऊन, प्लायच्या कडा पुन्हा इपॉक्सीने भरून, नाव टाल्कम लावून माळ्यावर. उंदरांसाठी पत्र्याची पेटी बघायची आहे.